अठरा नंबरचं डोकं

मशीनवाली : मान सरळ ठेवा काकू, पुन्हा मापते. बघा, चोपन्न सेंटीमीटरच भरतंय. आणि तीन महिन्यांमागं अठरा नंबरला, म्हणजे तुमच्या चिठ्ठीला, अठ्ठावन्नची तारांची टोपी घातल्याची नोंद आहे.

मिस्त्री : आटलं असेल डोकं. आतलं आटतंय तसं बाहेरचंही.

मशीनवाली : कवटी आटत नाही काका.

मिस्त्री : मग पट्टी ताणली गेली असेल तुमची.

बायको : ताणलेली पट्टी कमी दाखवते, पण दोन बोटं नाही. बावीस वर्षं कापड कापलंय मी.

मिस्त्री : तू गप बस. तुला काय कळतंय आता? बाई, तुम्ही तुमचं काम करा, मला गॅरेज उघडायचंय.

मशीनवाली : काका, त्या दिवशी अठराची चिठ्ठी घेऊन खुर्चीत कोण बसलं होतं?

मिस्त्री : मी बसलो होतो. मग? दोघांचीही तपासणी होती. ही डोक्याला पावशेर तेल थापून आलेली. तेलात तारा धरत नाहीत म्हणून तुम्हीच हिला केस धुवायला पाठवलंत. गेली ती अर्धा तास गेली. गिऱ्हाईक खोळंबलेलं माझं. हिची चिठ्ठी टेबलावर पडली होती, ती उचलली नि बसलो. माझी एकोणीस मागाहून हिला दिली. एकाच घरची माणसं, अठरा काय नि एकोणीस काय!

मशीनवाली : आणि मी नुसता नंबर बघितला. चिठ्ठीवर नाव नसतं, कुणाचं काय ते बाहेर फुटू नये म्हणून. दिवसाला आठ डोकी असतात काका. चूक माझीही आहे.

बायको : थांब पोरी. नीट सांग मला. ते चुंबकाचे टोले बसत होते, टक टक, अंगठा आपोआप उडत होता, ते माझ्या चिठ्ठीवर यांचं डोकं होतं?

मशीनवाली : हो. टोला दिला की मेंदू काय जबाब देतो, ते टोपीच्या तारा टिपून घेतात. अठराचा जबाब ढिला आला होता. एकोणीसचा चांगला खणखणीत.

बायको : खणखणीत तो माझा.

मशीनवाली : तुमचा, काकू.

मिस्त्री : काहीतरीच! मशीनच खोटं असणार.

बायको : तीन महिने खरं होतं. आज खोटं झालं?

मिस्त्री : अगं, पण...

बायको : दुकानात जाऊन मालकाला कोण म्हणालं, हिच्या हातात कात्री देऊ नका, हिचं डोकं गेलंय? किल्ल्या कुणी काढून घेतल्या? लेकीला फोन करून सांगितलंत, नातवाला आईकडं सोडू नकोस म्हणून. पोर तीन महिने माझ्या मांडीवर आलं नाही.

मिस्त्री : तुझ्या भल्यासाठीच ना! गॅस चालू ठेवून झोपली होतीस. विसरलीस?

बायको : गॅस मी बंद केला होता. मागाहून चहा तुम्ही टाकलात. मला पक्कं ठाऊक होतं. तरी तुम्ही ओरडलात, नि मला वाटलं, असेल बाई, मीच विसरले असेन. स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडाला माझा. भाजीत मीठ टाकलं की बोट चाटून बघायची, खरंच टाकलं का म्हणून.

मशीनवाली : काका, डॉक्टरांनी तेव्हाही एवढंच सांगितलं होतं की पुढची तपासणी करून घ्या. नुसत्या ह्या मशीनवर कुणी आजार ठरवत नाही. डोकं गेलं असं कुणीच म्हटलं नव्हतं.

मिस्त्री : बघ! ऐकलंस? नुसती तपासणी. आजार थोडाच आहे!

बायको : हे त्या दिवशीही ह्याच खोलीत सांगितलं होतं. तेव्हा कानात काय बोळे होते?

मिस्त्री : बाई, हे गॅरेजात कळायला नको हां. गिऱ्हाइकं उद्यापासून गाड्या दुसरीकडं नेतील. ब्रेक खोलतो मी लोकांचे.

बायको : आता कसं लगेच सुचलं!

मिस्त्री : बोल, बोल. तुझा दिवस आहे आज.

बायको : परवा तुम्ही त्या निळ्या गाडीचे नट आवळायचे विसरलात, पोऱ्यानं आवळले. तो घरी येऊन मला सांगून गेला. मी कुणाला बोलले? लेकीलासुद्धा नाही.

मिस्त्री : त्यानं सांगितलं तुला?

बायको : सांगितलं. वाटलं, माझ्या आजाराच्या काळजीनं विसरत असतील.

(मशीनवाली खणातून फॉर्म काढते.)

मशीनवाली : काका, मोठ्या डॉक्टरांकडं बुधवारी जावं लागेल. एकट्यानं नाही चालणार. सोबत घरचं माणूस लागतं, घरी काय काय होतं ते सांगायला. कुणाचं नाव लिहू?

मिस्त्री : हिचंच लिहा. आणखी कुणाचं लिहिणार?

बायको : मला न विचारता?

मिस्त्री : बरं बाई. येशील का?

बायको : लेकीला आधी फोन करा. आत्ता, माझ्यासमोर. कुणाचं डोकं ते तुमच्या तोंडानं सांगा.

मिस्त्री : करतो. पण येशील ना गं?

बायको : येईन. लिही पोरी, माझं नाव लिही.

मशीनवाली : आणि नातं, काकू?

बायको : तो रकाना राहू दे मोकळा.