मशीन लावलेला दिवस

उर्मिला : नॉर्मल लिहिलंय ना? मग तोंड पाडून का बसलायस? मी देवापुढे साखर ठेवली.

कौस्तुभ : तो रिपोर्ट माझा नाहीये, आई. दिवसभर पलंगावर लोळणाऱ्या माणसाचा आहे.

उर्मिला : अरे, ठोके मोजणारं ते मशीन चोवीस तास तुझ्याच छातीला होतं!

कौस्तुभ : हो, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, रोजचं सगळं करा. ऑफिसला जा, जिने चढा, उत्तनपर्यंत बाइकवर जाऊन या. धडधडलं की बटण दाबा. तू काय केलंस? सुट्टी टाकायला लावलीस. चहा बंद, फोन बंद. शेजारच्या हंसाबेनना दारातूनच 'बाद में आना, मशीन लगा है' म्हणून परत पाठवलंस.

उर्मिला : तपासणीच्या दिवशी जपायचं नाही तर कधी जपायचं?

कौस्तुभ : आपल्याकडे तपासणी म्हणजे पाहुणे. पसारा आतल्या खोलीत ढकलायचा आणि दार लावून घ्यायचं.

उर्मिला : चांगला रिपोर्ट यावा असं वाटणं गुन्हा आहे का? इको झाली, स्ट्रेस टेस्ट झाली, सगळं व्यवस्थित. चोविसाव्या वर्षी अजून किती तपासण्या करणारेस?

कौस्तुभ : बाबांचा ईसीजीही व्यवस्थितच होता.

उर्मिला : त्यांचं काढू नकोस.

कौस्तुभ : छातीत दुखतंय तर थांबा, थोड्या वेळाने परत काढू, असं सांगत होते हॉस्पिटलात. तू गॅस म्हणालीस आणि घरी आणलंस.

उर्मिला : आणलं. मीच आणलं. सकाळी उठवायला गेले तेही मीच. दोन वर्षं स्वतःला शिव्या घालतेय, त्यात तुझी भर नको. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, बाबा.

(उर्मिला रिपोर्टची घडी घालून पाकिटात ठेवते.)

उर्मिला : आज काय म्हणाले डॉक्टर?

कौस्तुभ : हृदयात दोष दिसत नाही म्हणाले. भीतीनेही असं धडधडतं. पण मशीन लावलेलं असताना जे घडतं तेवढंच त्यात येतं, आणि त्या दिवशी काही घडलंच नाही. मग विचारलं, धडधड नेमकी कधी सुरू होते.

उर्मिला : काय सांगितलंस?

कौस्तुभ : रात्री. तू दबक्या पावलांनी येतेस आणि माझ्या नाकाखाली बोट धरतेस तेव्हा. श्वास चालू आहे का बघायला. मी जागाच असतो, आई.

उर्मिला : मशीन लावलं होतं त्या रात्रीही आले होते का रे मी?

कौस्तुभ : नाही. ती एकच रात्र आली नाहीस.

उर्मिला : मशीन होतं ना तुझ्यापाशी. तुझे बाबा गेल्यापासून तेवढी एकच रात्र झोपले मी.