भिंतीकडची कूस

जयपुरात येऊन चारुलताला वर्ष झालं होतं. हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसली असताना मागच्या बाकावरून मराठी कानी आलं आणि माहेरची हाक यावी तशी ती मोहरली. वळून मात्र पाहिलं नाही. इथं आपली भाषा कुणाला कळतेय, या भरवशावर ते नवराबायको मोकळं बोलत होते.

“डॉक्टर काय म्हणाले होते, वासंती? एकाच कुशीवर झोपू नका. कूस बदला.”

“बदलते की. तुम्ही दौऱ्यावर गेलात की बदलते.”

“आणि मी घरी असलो की?”

“डावी कूस, भिंतीकडे तोंड. गुणाची आहे हो भिंत. बायकोला न विचारता जयपूरची बदली घेत नाही.”

“बढती होती ती.”

“बढती तुमची, पाठदुखी माझी. बँकेत अशाच वाटण्या करता वाटतं?”

“मग भिंतीच्या बाजूला मी झोपतो. तू उजव्या कुशीवर पाठ फिरव.”

“वा! मॅनेजरसाहेबांची अक्कल!”

“तुझी पाठच बघायची आहे ना मला? मग निदान ती दुखरी तरी नसू दे.”

बाक जरासा करकरला.

“पुढच्या बदलीला सही करण्याआधी विचाराल?”

“विचारीन.”

“मग भिंतीच्या बाजूला मीच झोपते. आज उजव्या कुशीवर झोपून बघते.”

“खरंच?”

“घोरलात तर भिंत आहेच.”