सुई शिरेत असताना आलेली हाक

जबाब

मी, खाली सही करणारी, वय ४३ वर्षे, व्यवसाय नोकरी (परिचारिका, शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचा वॉर्ड), राहणार रुग्णालयामागील कर्मचारी वसाहत, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी पती व सासूबाईंसह राहते. आमच्या वॉर्डातील एका वृद्ध महिला रुग्णाच्या मृत्यूबाबत त्यांच्या मुलाने तक्रार दिल्याने मला आज बोलावण्यात आले. मयत बाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होत्या. वॉर्डात सगळे त्यांना आजी म्हणत. खुब्याचे हाड मोडल्याने त्यांचे ऑपरेशन झाले होते व रक्त पातळ ठेवण्याचे इंजेक्शन चालू होते. एकट्याने कॉटवरून उतरायचे नाही, असे मी त्यांना व मुलाला बजावले होते. त्यावर आजी म्हणाल्या होत्या, "पळून पळून जाणार कुठं गं? सुनेनं माझी चप्पलसुद्धा घरी नेलीय."

घटनेच्या दिवशी माझी दुपारपाळी होती. जोडीची सिस्टर एका रुग्णाला घेऊन थिएटरला गेली होती. वॉर्डातल्या मावशी रक्ताचे नमुने द्यायला लॅबमध्ये गेल्या होत्या. चहाच्या वेळी मी फेरी मारली तेव्हा आजींच्या कॉटचा कठडा वर होता आणि मुलगा शेजारी स्टुलावर बसला होता.

खिडकीजवळच्या कॉटवर शिवणकामाचा व्यवसाय करणारी एक बाई होती, तिशीतली. तिचे पित्ताशय आदल्या दिवशी काढले होते. मी विचारपूस केली तेव्हा ती म्हणाली, "काही नाही हो सिस्टर, उगाच कसंतरी होतंय. तुमचं काम आवरा आधी." तिचे ब्लड प्रेशर ठीक आले. पण नाडी मघापेक्षा बरीच वेगात होती, तळहात गार आणि ओलसर लागत होते, ती सारखी जांभया देत होती व पाणी मागत होती. पोटाला हात लावताच तिने माझे मनगट घट्ट धरले. मशीनवरचा आकडा ठीक असला तरी आत रक्तस्राव होत असावा, असे माझे मत झाले. रक्त कमी होऊ लागले की शरीर काही वेळ सांभाळून घेते आणि मग एकदम हात टेकते. त्याआधी सलाईन सुरू व्हावे लागते, कारण नंतर शिरा आत जातात व सुई बसत नाही. मी डॉक्टरांना फोन करून हे सांगितले. ते म्हणाले, "थिएटरला कळवतो, निघालोच."

तिच्या हातातल्या जुन्या सुईपाशी सूज आली होती, म्हणून मी दुसऱ्या हातात नवी घालायला घेतली. पहिल्या वेळी शीर फुटली. दुसऱ्या वेळी सुई शिरेत गेली, नळीत रक्त दिसले, आणि तेवढ्यात आजींनी हाक मारली, "सिस्टर, अगं लवकर ये, मला जायचंय."

मी मान न वळवता म्हणाले, "आजी, उतरू नका. आलेच."

त्या म्हणाल्या, "चादर खराब होईल गं."

मुलगा जवळ आहे, असे मी धरून चालले होते. मी सुईवर चिकटपट्टी लावत होते. मग पडल्याचा आवाज आला.

सलाईन पूर्ण वेगाने चालू करून मी तिकडे गेले. आजी जमिनीवर होत्या. कपाळाच्या बाजूला मार होता. शुद्धीवर होत्या. मी त्यांना न हलवता मान स्थिर धरून बसले. त्या म्हणाल्या, "चुकलं गं माझं." नंतर बोलल्या नाहीत. चादर कोरडी होती.

डॉक्टर स्ट्रेचर घेऊन आले व शिवणकामवाल्या बाईला थिएटरला घेऊन गेले. आजींना दुसऱ्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागात हलवले. डोक्यात रक्त साचल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले. शिवणकामवाल्या बाईच्या पोटातला रक्तस्राव सापडला व थांबवता आला. ती आता चालते-फिरते.

विचारल्यावरून सांगते की, मी पोचले तेव्हा आजींच्या कॉटचा कठडा खाली होता. तो कोणी खाली केला हे मी पाहिलेले नाही. मुलगा औषध आणायला खाली गेला होता, हे मला नंतर समजले. तक्रार देण्याआधी तो मला जिन्यात भेटला होता. त्याने विचारले, "सिस्टर, मी कठडा वर करून गेलो होतो ना?" मी म्हणाले, मला माहीत नाही. त्याने पुन्हा तेच विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. तो तिथेच पायरीवर बसला. मी वॉर्डात परत गेले.

पुन्हा तशीच वेळ आली तर काय कराल, असे मला विचारण्यात आले. मी सुई बसवीन.

हवालदारांनी हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात "रुग्णाची हाक ऐकू आली नाही" असे लिहिलेले होते. ते म्हणाले, "असू द्या ताई, तुम्हालाच बरं पडेल." मी ते खोडायला लावले आहे व खोडलेल्या जागी सही केली आहे. हाक ऐकू आली होती. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे व तो बरोबर आहे.