आज बँड कुणाकडे जेवणार?

मानाच्या खुर्चीत बसलेल्या अध्यक्षा, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. रेडिओवरून ज्यांचा आवाज रोज माझ्या स्वयंपाकघरात येतो ते प्रमुख पाहुणे. शेवटचा कार्यक्रम करून घामाघूम बसलेली आमच्या रॉक बँडची पाचही पोरं. आणि त्यांच्यापायी इतकी वर्षं घसे बसवून घेणाऱ्या मायबाप मंडळींनो, या आजीचा सगळ्यांना नमस्कार.

मला दोन शब्द बोला म्हणालेत. मी शाळेत दुसरीपर्यंतच गेले, त्यामुळे दोन शब्द म्हणजे नेमके किती, ते मुख्याध्यापिका बाईंनी समजून घ्यावं.

ड्रमच्या मागे बसतो तो माझा नातू. तुम्ही त्याला धडाम म्हणता. बारशाला मी चांगलं नाव ठेवलं होतं, पण तुमच्यापुढे माझं काय चालणार? बाहेरगावच्यांनी या बँडला कधी विचारलं नाही. तुम्ही मात्र पावसात उभे राहिलात, वीज गेली तर टॉर्च धरलेत. आता गाणाऱ्याचा गळा डॉक्टरांनी बंद केला, आणि दुसरा गाणारा घ्यायचा नाही असं पोरांनी ठरवलं. तुम्ही मघापासून डोळे पुसताय. मला रडू येत नाही. खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो.

या बँडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कार्यक्रम झाला की टोपीतून चिठ्ठी काढायची, आणि ज्याच्या घराची निघेल त्याच्याकडे पाचही जणांनी जेवायचं. बँडवाल्यांच्या घरच्यांना मात्र चिठ्ठी टाकायची बंदी. का, तर पहिल्याच कार्यक्रमाला गाणाऱ्याच्या आईने आणि मी दोघींनी रांधलं. कुणालाच नाही म्हणवेना, म्हणून पोरं दोन्हीकडे जेवली, आणि मग गाणारा उचक्या देत गायला. तेव्हा कार्यक्रम जेवणानंतर होता. पोरांनी कार्यक्रम आधी आणला तो आणलाच, वर आम्हाला कायमचं बाद केलं. आमच्या दोघींचं बोलणं सुरू व्हायलाच पुढे वर्ष गेलं, तो भाग वेगळा.

तेव्हापासून कार्यक्रमाच्या दिवशी नातू घरी येतो आणि चपला काढता काढता म्हणतो, "आजी, जेवून आलोय." काय बोलायचं माणसाने? जो पोरगा माझ्याकडे वांग्याला हात लावत नाही, तो केशकर्तनालयवाल्यांच्या घरी वांगं दोनदा मागून घेतो. हे मला त्यांच्या बायकोने भर बाजारात, भाजीच्या गाड्यापाशी, हसत हसत सांगितलं. मी पण हसले. घरी येऊन भांडी इतकी जोरात घासली की शेजारीण विचारायला आली, नातू सराव करतोय का.

आणि वायरमनच्या बायकोबद्दल तर बोलायलाच नको. बोलते. नवरा ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला स्टेजवर चढायचा आणि उतरताना टोपीत हात घालायचा. चिठ्ठी बरोबर त्यांचीच निघायची. मी काही म्हणत नाही, नशीब असतं एकेकाचं. एकदा मीही शेजारणीकडून चिठ्ठी लिहून घेतली, 'लाल दाराचं घर' अशी. निघाली पण. गाणाऱ्याने वाचली आणि म्हणाला, "आजी, गल्लीत लाल दार तुमचंच आहे." सगळा जमाव हसला. त्याच आठवड्यात मी दाराला निळा रंग दिला, पण आता उपयोग काय?

आज शेवटची चिठ्ठी निघाली. कुणाची? वायरमनची. ती बघा, तिसऱ्या रांगेत, नवी साडी नेसून बसलीय. बाई, तुझ्या हाताला चव आहे, हे मी आज सगळ्यांदेखत कबूल करते. माशांचा रस्सा तुझ्यासारखा मला जमत नाही. नातवाकडून कृती काढून घ्यायचा प्रयत्न केला, तर तो म्हणतो, "आजी, मी खातो, बघत नाही."

पण अध्यक्षबाई, मघाशी तुम्ही माइकवर जाहीर केलंत ना, की हा बँड आता विसर्जित झाला? मी शेजारी विचारून घेतलं, विसर्जित म्हणजे संपला. मग टोपी संपली, चिठ्ठी संपली, बंदीही संपली. समोर बसलेत ते बँडवाले नाहीत, पाच भुकेली पोरं आहेत, आणि त्यातलं एक माझं आहे. सकाळपासून माझी चूल थंड झालेली नाही. वांगी केलीत. बघूया कसा खात नाही तो.

वायरमनच्या बाई, तू मान हलवतेयस ती हो म्हणून, असं मी धरते. तुझा रस्सा घेऊन तूही ये. टेबलावर मधोमध ठेवू. फक्त वाढायचं मी.

ज्यांनी ज्यांनी माझ्या नातवाला पोटभर घातलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. जळत जळत का होईना, मानतेय. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर म्हातारीचं तोंड म्हणून सोडून द्या. आता अध्यक्षबाईंनी मला खाली बसायला सांगू नये. मी सरळ घरी निघालेय, भात लावायचाय.