माय, बटन सोड

मी दिघोरीचा. घरी धानाची शेती, पन माहा जीव लहानपनापासून रेडिओत. हा बोलते तं आत बसला कोन, हे पायासाठी घरचा रेडिओ खोलला आन् बाबाचा मार खाल्ला. नोकरी लागली तेबी वायरलेसच्या गाडीवर, डायवर म्हनून. काय सांगू तुम्हाले, पूर आला, मोबाईलचे टावर बसले, का मंग आमच्या गाडीची आठवन होते. उंच जागा पायाची, गाडी लावाची, एरियलचा खांब वर चढवाचा, का पल्याडचा मानूस कानात बोलते. बिना तारेचा आवाज पान्यावरून येते कसा, हे मले अजून पुरं समजलं नाई बावा.

तं त्या पावसाळ्यात चुलबंद नदीले पूर आला आन् गाडी लागली आमच्याच गावच्या तलावाच्या पाळीवर. बाबा सकाळीच नदीपल्याड धानाच्या बांदीतला रोवणा पायाले गेलते, ते तिकडेच अडकले. पल्याडच्या शाळेत आमचा जोडीदार वाकीटाकी घेऊन होता, त्याले इचारलं. तो म्हने, एक बुढा नावेतून आनला, गारठला आहे, नाव सांगत नाई, कोनी घरचं असन तं बोलू दे.

माय चिखल तुडवत आलीच होती. तिच्या हाती माईक देल्ला, म्हटलं बटन दाब आन् बोल. अवो, आयकता का, माय बोल्ली. नावानं तं तिनं त्यायले कधी हाक मारलीच नाई. अवो, मी होय, बोला ना. तिकडून कायीच नाई. माय मटकन खाली बसली, म्हने तो बुढा हे नाई, हे असते तं बोलले असते.

तेवढ्यात पायलं, वायरलेसचा लाल लाईट जळूनच राहिला. म्हटलं माय, बटन सोड, तू सोडशीन तवाच तिकडचा आवाज येईन. ती सोडेच ना. विहिरीचा दोर धरावा तसं धरून, म्हने सोडलं तं सुटन ना रे. शेवटी मीच तिचा आंगठा उचलला. आन् खरखर करत बाबाचा आवाज आला, आयकून राहिलो ना, तू बोलू देशीन तवा बोलीन. माय रडे आन् हासे.

आता बाबाले कमी आयकू येते. माय चुलीपासून ओरडते, मंग आमच्या वायरलेसवानी ओव्हर म्हनते आन् थांबते. जनमभर कधी थांबली नोती. बाबा जवाब द्याले मुद्दाम उशीर लावते, मायचा हात तेवढा वेळ भाकरीवर तसाच राहाते, मी पायत राहातो. दोघंही असेच बोलत राहो, मले बाकी कायी नाई पायजे.