बुडालेला नावाडी जेवायला बसला

आई : न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची तुझी खोड काही जात नाही. माझं जुनं वाचायचं यंत्र तुला चावत होतं का?

मुलगा : अगं, त्याची बॅटरी अखेरच्या घटका मोजत होती. म्हणून पुस्तकं या टॅबलेटवर आणली. फॉरमॅट वेगळा, आधी सगळी कन्व्हर्ट करावी लागली. वाचायला त्रास होतोय का?

आई : मला? मला कसला त्रास? चकचकीत आहे.

बाबा : त्रास मला होतोय. ऑपरेशन होऊन डोळ्यांवर पट्टी बांधल्यापासून ही मला रोज कादंबरी वाचून दाखवते. परवा नावाडी बुडाला. मी हळहळलो. काल तोच नावाडी जेवायला बसला!

आई : पोहत आला असेल.

बाबा : बायकोचं दुसरं लग्न झाल्यावर?

आई : लिहिणाऱ्याला विचारा. माझ्यावर काय डाफरता?

मुलगा : कन्व्हर्ट करताना प्रकरणं वरखाली झाली असतील. आण इकडे.

आई : नको. माझं पान हरवेल.

मुलगा : दे गं. (टॅबलेट ओढून घेतो.) आई, हे काय? पानभर नुसते चौकोन!

आई : म्हणजे तुलाही चौकोनच दिसतात?

मुलगा : कुणालाही तेच दिसणार. फाँटच आला नाही इथे. एकही अक्षर नाही.

आई : नीट बघ. तू शिकलेला आहेस.

मुलगा : बघितलं. पण मग तू रोज वाचत काय होतीस?

बाबा : थांब. म्हणजे तो नावाडी...

आई : मीच बुडवला, मीच वर काढला. तुम्ही कान टवकारून बसलेले, मी करू काय?

बाबा : आणि ते लग्न?

आई : तेही मीच लावलं. बाई एकटी किती दिवस राहील?

मुलगा : अगं, मला हाक मारायचीस! पाच मिनिटांचं काम.

आई : काय म्हणून हाक मारू? केस पिकल्यावर सुनेपुढे बसून अक्षरं गिरवली. आणि एका सकाळी सगळी एकसारखी दिसायला लागली. म्हटलं, आली तशी गेली.

मुलगा : आई, चुकलं. मूळ फाइल आहे माझ्याकडे, आत्ता करून देतो.

आई : कर. पण हातात देण्याआधी एक पान स्वतः वाचून बघ. चार दिवस मी या घरात पुन्हा अडाणी झाले होते रे, तुझ्यामुळे.