हजारी दर आणि रिकामं गाव

सभेचे अध्यक्ष तहसीलदारसाहेब, तरक्की होऊन औरंगाबादेला निघालेले आपले प्लेग अधिकारी बद्रीनाथराव, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी आणि दाराशी उभ्यानं ऐकणारे माझे गाववाले, सगळ्यांना या रामराव पाटलाचा रामराम.

बद्रीनाथरावांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. सबंध जिल्ह्यात प्लेगचा दर सगळ्यात कमी आपल्या अंबड तालुक्याचा. हजारी एक! कसं साधलं असेल? उंदीर पडले की आम्ही गाव सोडून शेतात झोपड्या घालतो, ही बापजाद्यांची रीत. साहेब घोड्यावरून आले ते थेट गावठाणात. घरांना कुलपं, रोगी दिसणार कुठून? रोगी मोजायला रिकामं गाव घेतलं आणि भागायला खानेसुमारीतलं, माणसांच्या शिरगणतीतलं भरलेलं. मंग दर खाली येणार नाही तर काय!

आमचा म्हस्कू त्यांना न्यायला आल्ता. "साहेब, गाव तिकडं झोपड्यांत हाय. माझ्या बायकोला गाठ आलीय, जल्दी चला." साहेब म्हणाले, "तो भाग गावठाणाबाहेरचा." त्याची कडूबाई दिवस मावळायच्या आत गेली. बाईनं मोठी समजूत दाखवली, गावाबाहेरच मेली. साहेबांच्या दराला धक्का लागू दिला नाही.

ज्या तालुक्याचा दर जास्त, त्याला लस आधी. आमचा नंबर शेवटी. माझी नात सोनूबाई म्हस्कूच्या शेजारच्या झोपडीत आहे आणि तिला लस न्हाई. जीव टांगणीला लागलाय, म्हणून इथं उभा आहे. नाहीतर मला कुठली भाषणाची हौस?

जाता जाता शालीबद्दल सांगतो. साहेब, आत्ता आपल्या खांद्यावर घातलेली शाल कडूबाईच्या अंथरुणातली आहे.

अहो, फेकली का? आपल्या हिशेबानं तिथं रोग बिलकुल नाही!

बसा, बसा. शाल कोरी आहे, जुन्या जालन्यातून आणलीय. पण आपल्याच आकड्यावर साहेबांचा भरवसा किती, ते अध्यक्षांनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा अध्यक्षसाहेब, झोपड्या धरून नवा दर काढायचा हुकूम आत्ताच व्हावा, आणि मोजदाद बद्रीनाथरावांनीच करावी. त्यांचा टांगा मी माघारी धाडलाय.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि साहेब, ती शाल उचलून घ्या. झोपड्यांत रात्री फार गारठा असतो.